नवरीच्या गालावरचा तीळ

"आमच्या पोरीच्या गालावर तीळ नाही." अल्बम परत करताना नवरीची आई एवढंच बोलली, आणि त्या फोटोग्राफर पोराची झोप उडाली. अल्बम चांगला जाड, बारा बाय छत्तीस इंचांचा, सोनेरी कडेचा. पान उलटावं तिथे उभ्या फोटोत नवरीच्या डाव्या गालावर बाजरीच्या दाण्याहून लहान, काळपट ठिपका. काही पानांवर तोच ठिपका करवलीच्या कपाळावर, तर एका पानावर भटजींच्या नाकावर. आडव्या फोटोंत तो मांडवाच्या पडद्यावर नाहीतर रंकाळा तलावावरच्या आभाळात.

मी कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत कॅमेरे दुरुस्त करतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला त्या गावात हा धंदा करतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या अपेक्षा जरा जास्तच असतात. "काका, तुम्हीच बघा आता, माझं डोकं चालंना," म्हणत त्याने कॅमेरा, लेन्सा आणि अल्बम सगळं टेबलावर मांडलं.

माझ्याकडे येण्याआधी त्या ठिपक्याची बरीच सेवा झाली होती. आधी याने घरी लेन्सची पुढची काच पुसपुसून चकचकीत केली. सगळे हेच करतात, आणि त्याचा उपयोग काही नसतो. पुढच्या काचेवरचा कण कॅमेऱ्याच्या फोकसपासून इतका लांब असतो की फोटोत त्याचा ठिपका उमटतच नाही. फार तर उन्हात फोटो थोडा धुरकट येईल. मग पुण्याला नेऊन सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली फोटो टिपणारी चिप, साफ करून आणला. ठिपका तसाच. मग इथे कुणीतरी पुन्हा साफ करून दिला आणि वर सांगितलं, "गुलाल आत गेलाय, जोतिबाला गेलतास काय?" गेलता. कोल्हापुरातला कुठला फोटोग्राफर चैत्रात जोतिबाला जात नाही? त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. फक्त ठिपका जात नव्हता.

सेन्सरवरची धूळ ओळखायची रीत सोपी आहे. धूळ खुद्द सेन्सरवर कधी बसत नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरची काच असते, धूळ त्या काचेवर बसते. म्हणजे कण आणि सेन्सर यांच्यात थोडी जागा राहते, आणि फोटोत दिसते ती त्या कणाची सावली. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/२२ ला आवळलं की प्रकाश बारीक वाटेने येतो आणि सावली ठळक पडते. एफ/२.८ ला उघडलं की प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि सावली विरून जाते. म्हणून पांढरी भिंत घ्यायची, फोकस मुद्दाम बिघडवायचा, एफ/२२ वर कॅमेरा हलवत फोटो काढायचा. भिंतीवरचे डाग पुसट होतात, धूळ जागच्या जागी राहते. मग तोच फोटो ॲपर्चर उघडून.

एफ/२२ ला ठिपका दिसला. एफ/८ ला दिसला. एफ/२.८ लाही दिसला, तितकाच काळा, तितक्याच धारदार कडेचा. इथेच गुलालाचा विषय संपला.

तरी सवयीने दुसरी खूणही तपासली. एकदा २४ मिलिमीटरची लेन्स लावली, एकदा २०० ची. लेन्स बदलली की प्रकाश येण्याचा कोन बदलतो, आणि धुळीची सावली थोडी इकडेतिकडे सरकते, विशेषतः कडेकडेला. हा ठिपका एक पिक्सेलसुद्धा हलला नाही. म्हणजे तो काचेवर नव्हता, काचेच्या आतल्या बाजूलाही नव्हता. जे काही होतं ते थेट सेन्सरच्या अंगावर होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी कुठेही शिरते, पण बुरशीला धागे फुटतात आणि ती पसरत जाते. हा गोल, आखीव आणि सगळ्या फोटोंत एकाच मापाचा.

धुळीचं दुखणं काही नवीन नाही. लेन्स काढता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात ते पहिल्यापासूनच आहे. ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ आणला तेव्हा सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झाडायची सोय त्यात दिली होती. निकॉनच्या डी ६०० मध्ये तर ठिपक्यांचा एवढा बोभाटा झाला की शेवटी २०१४ मध्ये कंपनीने सेन्सरपुढचं शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यामुळे ठिपका म्हटलं की कारागिराचा हात आधी सफाईच्या स्वॅबकडे जातो. धंद्याच्या दृष्टीने तेही बरंच असतं, सफाईचे पैसे मिळतात.

लेन्सच्या जागी टोपी लावून काळोखात लांब एक्स्पोजर दिलं. हॉट पिक्सेल, म्हणजे बिघडून आपोआप पेटणारा ठिपका, असता तर काळ्यावर लाल-हिरव्या ठिणगीसारखा चमकला असता. तसं काही झालं नाही. मेन्यूत पिक्सेल दुरुस्तीची सोय असते, ती त्याने आधीच चालवून बघितली होती. तिच्याने सुटासुटा पिक्सेल झाकला जातो. इथे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, चारशे टक्के मोठी करून मोजली तर ठिपक्याची रुंदी वीसेक पिक्सेल भरली. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो आडवा सहा हजार पिक्सेलचा; अठरा इंची कागदावर छापला तर वीस पिक्सेलचे होतात दीड मिलिमीटर. तीळच की तो. आईची नजर खोटी नव्हती.

ठिपक्याचा मध्य राखाडी-काळा होता आणि कडेला जांभळी झाक होती. फोटोचा काळोख सॉफ्टवेअरने उजळला, तर ठिपक्यातून एक केसाएवढी रेघ निघून फ्रेमच्या टोकापर्यंत सरळ उभी गेलेली दिसली. ती रेघ बघितल्यावर मी चष्मा काढून ठेवला आणि चहा सांगितला. कारण अशी रेघ धुळीची नसते, बुरशीची नसते. सेन्सरमधली पिक्सेलची अख्खी ओळ दुखावली की ती उमटते.

मग सेन्सर भिंगाखाली घेतला. फोटोत वर असलेली जागा सेन्सरवर खाली असते, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. हे विसरून भलत्याच कोपऱ्यात शोधणारे खूप आहेत. दिवा तिरका धरला. सेन्सरच्या जांभळ्या-हिरव्या झळाळीत एका जागी झळाळी नव्हती. टाचणीच्या टोकाहूनही लहान, मळकट, जळाल्यासारखी खूण.

"काका, सूर्य असंल का?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. ९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, तेव्हा हा लांब लेन्स घेऊन सूर्याकडे तोंड करून उभा असतो. सूर्याने सेन्सर भाजतो, शटरचे पडदेही वितळतात. पण सूर्याची भाजणी सहसा एवढी नेमकी नसते. आणि अंदाज बांधत बसायची गरजच नव्हती. या पोराची एक सवय मला फार आवडली: तो रॉ फाइल कधी पुसत नाही. कॅमेरा घेतल्यापासूनचं सगळं तारखेवार हार्डडिस्कवर होतं.

"डिस्क आण," म्हटलं. "ठिपका कधी जन्मला ते बघू."

किरणोत्सवाच्या पहिल्याच संध्याकाळचं, सूर्य फ्रेममध्ये यायच्या आधीचं केशरी आभाळ उघडलं. ठिपका होता. म्हणजे सूर्य सुटला. मागे गेलो, दसरा चौकातला शाही दसरा. सीमोल्लंघनाच्या वेळचं सपाट, धुळकट आभाळ असल्या शोधाला फार सोयीचं. ठिपका होता. मग एकदम जुलैत उडी मारली. पंचगंगेला पाणी चढलं तेव्हाचे फोटो, वर ढग आणि खाली गढूळ पाणी, कुठे काही लपायला जागा नाही. ठिपका नव्हता. श्रावणातला पन्हाळा, धुकं. नव्हता. उरले गणपती. आगमनाच्या फोटोंत मूर्तीमागच्या पांढऱ्या कापडावर काही नव्हतं. तो पोरगा एव्हाना खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला होता आणि माऊस त्याच्याच हातात होता.

विसर्जनाच्या रात्रीच्या फाइली भरमसाट होत्या. कोल्हापूरची मिरवणूक संपता संपत नाही. मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, रात्र सरून दिवस उजाडला तरी चालूच. आणि गर्दीच्या फोटोत ठिपका शोधणं म्हणजे वैताग: डोकी, झेंडे, धूर, दिवे. म्हणूनच तर गणपतीपासून लग्नापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोबाईलवर टाकलेल्या फोटोत वीस पिक्सेल कोण बघतोय? आम्ही ढिगाच्या मधला फोटो उघडायचो, ठिपका असला तर मागच्या अर्ध्यात, नसला तर पुढच्या अर्ध्यात. दर वेळी निम्मा ढीग बाद. हजारो फोटो असले तरी अशाने हां हां म्हणता एका बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंवर, येता येतं.

महाद्वार रोडवरचा तो बर्स्ट होता. एका मागोमाग काढलेले तीन फोटो मी शेजारी शेजारी लावले. पहिल्यात ट्रॉलीवरच्या स्पीकरची भिंत, वर धूर, धुरात हिरव्या किरणांचा पंखा. ठिपक्याच्या जागी नुसता काळा धूर, स्वच्छ. दुसऱ्यात त्या पंख्यातलं एक किरण सरळ लेन्समध्ये आलेलं. नेमक्या त्या जागी पांढराफटक गोळा, भोवती हिरवं तेज, आणि गोळ्यातून वरखाली उभी रेघ. तिसऱ्यात किरण पुढे निघून गेलेलं. धूर पुन्हा काळा. आणि त्या काळ्यात जांभळ्या कडेचा तीळ.

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पहिला फोटो मोठा केला आणि ट्रॉलीवरचा फलक वाचला. "काका, ही आमच्याच मंडळाची लेझर हाय. वर्गणी कमी पडली म्हणून मी खिशातनं पैसे घातलेत तिला."

मला हसू आवरलं नाही. तोही हसला, पण उशिरा.

भिंगाने ऊन एकवटून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. लेझरचं किरण मुळातच फारसं पसरत नाही, आणि रात्रीचा फोटो म्हणून याने एफ/१.८ ची लेन्स पूर्ण उघडी ठेवलेली. तेवढ्या मोठ्या काचेने ते किरण गोळा केलं आणि काही पिक्सेलांच्या जागेत ओतलं. प्रत्येक पिक्सेलवर रंगाची बारीक गाळणी असते, तिच्यावर इवलंसं भिंग असतं. या दोन्ही गोष्टी नाजूक. त्या क्षणार्धात भाजल्या, आणि त्याखालच्या वायरिंगला धक्का बसला म्हणून रेघ आली. हातातला साधा पॉइंटर पाच मिलिवॅटच्या आतला असतो. शोसाठीच्या लेझरांत पाचशे मिलिवॅटच्या वरच्या, म्हणजे चौथ्या वर्गातल्या, सर्रास असतात. भाड्याने देणारा हा आकडा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्यात कॅमेरा मिररलेस. जुन्या एसएलआरमध्ये फोटो काढत नसताना सेन्सरपुढे आरसा आणि शटर असायचं. मिररलेसमध्ये चित्र सतत दिसायला हवं म्हणून सेन्सर सतत उघडा.

मी त्याला विचारलं, "त्या वेळी डोळा व्ह्यूफाइंडरला होता?"

"व्हय. तिथंच तर लावतो."

"मग देवाला नारळ फोड. तुझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा पडदा आहे, तू किरण बघितलं नाहीस, किरणाचं चित्र बघितलंस. आरशावाला कॅमेरा असता तर तेच किरण आरशावरून थेट बुबुळात गेलं असतं."

मग त्याने तिसरा फोटो पुन्हा बघितला. पुढच्या रांगेत पोरं नाचत होती, हात वर, तोंडं ट्रॉलीकडे. त्यातल्या कुणाच्या डोळ्यापुढे पडदा नव्हता. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापुरातही येऊन गेल्यात, प्रशासन बंदीचे आदेशही काढतं. त्याने लगेच दोघातिघांना फोन लावून विचारलं, नीट दिसतंय ना. दिसत होतं. एकाने उलट विचारलं, "का रं, नवीन चष्म्याचं दुकान काढलंस का?"

दुरुस्तीचं सांगण्यासारखं फार नाही. सेन्सर बदलणं हा एकच खरा इलाज, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस जुन्या कॅमेऱ्याच्या किमती विचारू लागतो. वॉरंटीत ते बसत नाही. लेझरसमोर कॅमेरा धरू नका असं पुस्तिकेत छापलेलं असतं, फक्त ते पान कुणी उघडत नाही. मी त्याला ठिपक्याची नेमकी जागा काढून दिली आणि सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर केलेली दुरुस्ती बाकी सगळ्यांवर एकदम कशी लावायची ते दाखवलं. सपाट आभाळावर ती बेमालूम बसते. चेहऱ्यावर मात्र एकेक फोटो बघूनच घ्यावा लागतो, नाहीतर गालाच्या जागी कानाचा तुकडा येतो. व्हिडिओला तो कॅमेरा नकोच म्हणालो, तिथे पळत्या चित्रात एक जागचा न हलणारा ठिपका डोळ्यात फार खुपतो.

अल्बम त्याने पदरचे पैसे घालून नवीन करून दिला. नवरीच्या आईने गाल निरखून बघितला, पसंत केला, आणि जुनाही ठेवून घेतला. म्हणाल्या, "पैसे दिलेत की आम्ही, तो कशाला टाकायचा?"

पुढे मंडळाच्या बैठकीत त्याने ते तीन फोटो मोठे छापून नेले आणि यंदा लेझर नको असा विषय मांडला. निम्म्यांना पटलं. उरलेल्यांतला एकजण म्हणाला, "भावा, शेजारच्यांनी लावली तर आपण काय टॉर्च घेऊन नाचायचं?" दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं फोटोशॉप आहे. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.