तुम्ही विचारलंत म्हणून: आत रायझन, बाहेर ४८६ का?

"आत एवढं नवं सामान घातलंय, मग वरून हा पिवळा पडलेला डबा कशाला?" माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. डबा आहे इंटेलच्या जुन्या ४८६ प्रोसेसरच्या काळातला, आणि आत एएमडीचा नवा रायझन प्रोसेसर. पाठोपाठ दोन प्रश्न ठरलेले. "तापत नाही का?" आणि "असलं कॅबिनेट आता नवं तयार मिळतं ना?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तयार मिळतं, हे खरं. तैवानच्या सिल्व्हरस्टोनने १ एप्रिल २०२३ला गंमत म्हणून फ्लॉपीच्या तोंडाचं आडवं बेज कॅबिनेट दाखवलं. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की २०२४च्या कॉम्प्युटेक्स या तैवानमधल्या कॉम्प्युटर प्रदर्शनात एफएलपी०१ नावाने ते खरोखर मांडलं गेलं, आणि पुढे टर्बो बटणाचा (जुन्या कॉम्प्युटरांवर वेग कमी-जास्त करायचं ते बटण) उभा टॉवरही आला. पहिल्यांदाच जुळणी करत असाल तर तेच घ्या, हे मी मनापासून सांगतो. त्यात एटीएक्स, म्हणजे आजच्या ठरलेल्या मापाचा, मदरबोर्ड सरळ बसतो, स्विच आजच्या बोर्डाला चालतो, काही कापावं लागत नाही. माझ्याकडचं कॅबिनेट तसं नाही. ते ४८६च्या काळातलं खरं एटी (एटीएक्सच्या आधीच्या मापाचं) मिनी टॉवर आहे, जुन्या बाजारात भंगाराच्या भावात मिळालेलं, आत फक्त एक मेलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. चालू ४८६ उपसून फेकला असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगितलं.

मग हेच का? वेग वाढत नाही, पैसे वाचत नाहीत, हवा तर नव्या जाळीदार कॅबिनेटमध्ये कितीतरी चांगली खेळते. पण त्याचा पत्रा जाड आहे, पाच स्क्रू काढले की अख्खं कव्हर उचलता येतं, आणि सव्वापाच इंची कप्पे आहेत. काचेच्या कॅबिनेटांनी हे कप्पेच काढून टाकले. मला डीव्हीडी रायटर आणि कार्ड रीडर समोर, हाताशी लागतात. आणि हो, तो चेहरा मला आवडतो. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची पद्धत पडली ती याच चेहऱ्याकडे बघून. पूर्वी मी फक्त कप्प्यांचं कारण पुढे करत असे. ते अर्धं खरं होतं.

आता काम. सगळ्यात आधी समोरचा स्विच. एटीमध्ये बोर्ड कॉम्प्युटर चालू करत नाही, स्विचच थेट २३० व्होल्ट तोडतो. एसएमपीएसमधून निघालेली चार वायरींची जाड केबल पुढच्या पॅनेलपर्यंत येते. ती पूर्ण काढून टाका, कापून टेप गुंडाळून आत ठेवू नका. मग तोच स्विच नव्या बोर्डाच्या पॉवर पिनांना जोडायचा मोह होतो. जोडलात तर मशीन सुरू होतं आणि साधारण चार सेकंदांत बंद पडतं, कारण तो स्विच दाबलेलाच राहतो आणि बोर्ड त्याचा अर्थ "जबरदस्तीने बंद कर" असा लावतो. स्विचच्या पोटातली अडकण्याची बारीक वाकडी तार काढली की तो लगेच परत येणारा होतो. तरीही भरवसा धरू नका. वर्षानुवर्षं २३० व्होल्टच्या ठिणग्या खाल्लेले संपर्कबिंदू बोर्डाचा इवलासा सिग्नल कधी नेतात, कधी नाही. जुन्या दांड्याच्या मागे छोट्या पट्टीवर नवा पुश बटण बसवणं उत्तम. तो खटका जातो, याचं वाईट वाटतं.

पॉवर एलईडीचा जुना प्लग तीन खणांचा, मधला रिकामा. नव्या बोर्डावर दोनच पिना, शेजारी शेजारी. टाचणीने प्लास्टिकची जीभ उचलून कडेची वायर मधल्या खणात सरकवायची, पाच मिनिटांचं काम.

ज्या एका गोष्टीने सगळं काम पालथं घातलं ती साडेतीन मिलिमीटरची आहे. एटी कॅबिनेटच्या मागे कीबोर्डचं गोल भोक असतं, नव्या बोर्डाच्या सॉकेटांसाठी खिडकी नसते. ती कापावी लागते: १५८.७५ गुणिले ४४.४५ मिलिमीटर. कार्डांच्या फटी मात्र जुन्याच चालतात, कारण दोन फटींतलं २०.३२ मिलिमीटरचं अंतर एटीएक्सने बदललं नाही. जुन्या बोर्डाचे सरकवून बसवायचे पांढरे प्लास्टिकचे पाय हरवलेले होते. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून पितळी स्पेसर (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे पाय) आणले, १० मिलिमीटर उंचीचे. ते हाताशी होते, एवढंच कारण. मायक्रो एटीएक्स बोर्ड त्यावर ठेवला, मागून पेन्सिलने खिडकी आखली, जिगसॉने कापली, कानस मारली. पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, त्यामुळे बोर्डासोबत येणारी, सॉकेटांभोवतीची आय/ओ पट्टी खटकन बसली. मागून पाहिलं तर कारखान्यातून आल्यासारखं.

मशीन चालू झालं, विंडोज आलं. गेम अडखळायला लागले. मधेच पडदा काळा, फॅन मात्र फिरतायत. मग नेहमीचा क्रम: ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकले, केबल बदलली, रॅमची एकेक पट्टी काढून पाहिली, एसएमपीएस दुसरा लावून पाहिला. प्रत्येक वेळी तासभर बरं चाले, मग पुन्हा तेच. बरं का चाले, तर प्रत्येक वेळी कार्ड काढून पुन्हा बसवलं जाई, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. शेवटी जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बस इंटरफेसची ओळ वाचली. माझं आरटीएक्स ३०६० हे सोळा लेनचं (माहिती नेणाऱ्या सोळा वाटांचं) ग्राफिक्स कार्ड, आणि ते चालत होतं चार लेनवर. इथे एक खबरदारी: काम नसताना पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड आणि बोर्डातल्या जोडणीची) पिढी ४.०वरून १.१वर उतरलेली दिसते, ते वीज वाचवण्यासाठी असतं, त्यात बिघाड नाही. लेनची संख्या घसरली तर मात्र संपर्क तपासा.

टॉर्च धरून पाहिलं. कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीजवळ ते स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं. दुसऱ्या टोकाला कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांची मिलिमीटरभर रेघ बाहेर, आणि स्लॉटची कडी लागलेली नाही. पट्टीचा स्क्रू सोडताच कार्ड आपोआप समतल झालं आणि पट्टीचं वरचं वळण कॅबिनेटच्या कडेपासून अधांतरी राहिलं. फट मोजली, साडेतीन मिलिमीटर. एटीएक्सचे स्पेसर साधारण ६.५ मिलिमीटरचे असतात. बोर्ड १० वर चढवल्याने कार्डही तेवढंच वर गेलं. स्क्रू आवळला की पट्टी खाली ओढली जाते, कार्ड तरफेसारखं वळतं आणि लांबचं टोक उचललं जातं. पहिल्या लेन पट्टीच्या बाजूला असतात, त्या टिकतात, शेवटच्या सुटतात. म्हणून मशीन मरत नाही, नुसतं लंगडतं, आणि दोष शोधायला दिवस जातात.

स्पेसर बदलणं दहा मिनिटांचं. पण खिडकी कापली होती ती चढलेल्या बोर्डाप्रमाणे! बोर्ड खाली आणल्यावर ती साडेतीन मिलिमीटर सरकलेली निघाली. एका बाजूने पत्रा तेवढा आणखी कापावा लागणार, दुसऱ्या बाजूला तेवढीच फट राहणार आणि आय/ओ पट्टी कशाला धरून बसणार? तो कापलेला पत्रा परत येत नाही. त्या पत्र्याला तीस वर्षं कुणी हात लावला नव्हता, आणि मी तो चुकीच्या उंचीवर कापला. याचं दुःख अजून आहे. उपाय असा केला: खिडकी चारही बाजूंनी १० मिलिमीटर मोठी केली, एक मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यात नेमकी खिडकी नव्याने कापली आणि तो पत्रा आतून बसवला. रिव्हेट नाही, चार एम३ स्क्रू. भोकं अर्धा मिलिमीटर मोठी ठेवली, म्हणजे आवळण्याआधी पत्रा थोडा सरकवता येतो.

तेव्हा मोजमाप खिडकीपासून सुरू करू नका. कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड ६.५च्या स्पेसरवर ठेवा, एखादं मेलेलं ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण दाबा. स्क्रू न लावता पट्टीचं वळण कडेवर टेकलं पाहिजे. टेकलं तरच पेन्सिल उचला. बोर्डाखाली जिथे भोक नाही तिथे जुना स्पेसर उरलेला नाही ना, हेही पाहा, नाहीतर थेट शॉर्ट. आणि कापताना आतलं सगळं बाहेर काढा. लोखंडाचा कीस रॅमच्या स्लॉटमध्ये गेला तर कुठला ब्रश तो काढणार?

"तापत नाही का?" तापतं. पुण्यातल्या मे महिन्यात खोलीच ३५च्या आसपास असते. या टॉवरमध्ये एसएमपीएस बरोबर प्रोसेसरच्या डोक्यावर येतो, त्यामुळे दीडशे मिलिमीटरचे उभे कूलर विसरा. ४७ मिलिमीटरचा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ बसतो, वर दोन सेंटिमीटर उरतात. नव्या एसएमपीएसचा फॅन बोर्डाकडे तोंड करून लावला तर तो आणि कूलर दोघं त्याच दोन सेंटिमीटरमधली हवा ओढतात, दोघांनाही पुरत नाही. पहिल्या चाचणीत रायझन ५ ७६०० थेट ९५ अंशांच्या मर्यादेला जाऊन टेकला. एसएफएक्स या छोट्या मापाचा एसएमपीएस पट्टी लावून उलटा बसवला, फॅन कव्हरकडे. कव्हरला तिथे ५ मिलिमीटरच्या भोकांच्या रांगा पाडल्या. ती बाजू भिंतीकडे असते, पण कॅबिनेट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं लागतं. समोरच्या मुखवट्याआडच्या पत्र्यात ८०ऐवजी १२० मिलिमीटरचा फॅन. त्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिलिमीटर. हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकतात, पण तो ८८ वॉटपर्यंत घेतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ती मर्यादा ६१वर बांधली. आता उन्हाळ्यातही आकडा ऐंशीच्या घरात राहतो. १७० वॉटच्या वरचं कार्ड या डब्यात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टर्बो बटणाला फॅनचं काम दिलं. समोरच्या फॅनच्या १२ व्होल्टच्या वायरीत ४७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर, आणि बटण दाबलं की तो वगळला जातो, फॅन पूर्ण वेगाने. प्रोसेसरचा वेग दाखवणारा समोरचा दोन आकडी दिवा मूळचाच. तो पूर्वीही काही मोजत नव्हता, मागचे जंपर लावू तो आकडा दाखवायचा. त्याला ५ व्होल्ट लागतात. नव्या एसएमपीएसच्या वायरी बहुधा सगळ्या काळ्या, तेव्हा मल्टिमीटरने मोजल्याशिवाय जोडू नका, १२ गेले तर दिवा संपला.

पिवळेपणा घालवायला पार्लरच्या दुकानात १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम मिळतं. ते फासून, प्लास्टिकची फिल्म गुंडाळून उन्हात ठेवतात. फिल्मखाली बुडबुडे राहिले की पांढरे पट्टे उमटतात, ते जात नाहीत. शिवाय पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो. मी झाकणाच्या एका पट्टीवर करून पाहिलं आणि थांबलो. मुखवटा आहे तसाच पिवळा आहे.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत असे की मूळ पत्र्याला एकही भोक पाडणार नाही. मग मागची बाजू कापली, कव्हरला भोकं पाडली, पुढचा पत्रा फाडला. जुन्या यंत्रांची निगा राखणारे म्हणतात की असं कॅबिनेट एखाद्या उघड्या पडलेल्या ४८६ बोर्डाला घर देऊ शकलं असतं. त्यांचं चूक नाही. भंगारवाल्याने ते चेपून वितळवायला पाठवलं असतं, हे माझं उत्तर आहे, आणि तेही मला दर वेळी पुरेसं वाटत नाही. मागून कापलेला मूळ तुकडा, कीबोर्डच्या गोल भोकासकट, कागदात गुंडाळून सगळ्यात खालच्या सव्वापाच इंची कप्प्यात ठेवला आहे. अॅल्युमिनियमचा पत्रा चार स्क्रूंवर निघतो.