तुम्ही विचारलंत म्हणून: "मग केस का नाही केलीस?"

सहा वर्षं मी एका ग्रुपमध्ये होते. आता मी त्याला कल्ट म्हणते, म्हणजे माणसाच्या मनाचा पुरता ताबा घेणारा पंथ, तेव्हा आम्ही 'परिवार' म्हणायचो. बाहेर पडून पाच वर्षं झाली आणि अजूनही कोणाला हे सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत तो प्रश्न येतोच. इतकं सगळं झालं, पैसे गेले, नोकरी सुटली, घर तुटलं, मग केस का नाही केलीस गं? विचारणारे वाईट नसतात, बरेचदा काळजीनेच विचारतात, पण दर वेळी मी काहीतरी तुटक उत्तर देते आणि घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं. म्हणून एकदाच नीट लिहिते. लांबेल, पण लिहिते.

आधी वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे रोज रात्री झोपायच्या आधी 'आरसा' लिहायचा असे. आरसा म्हणजे साधी दोनशे पानी वही. दिवसभरात मनात आलेली शंका, कोणाचा आलेला राग, घरच्यांबद्दल वाटलेलं काहीही, सगळं त्यात उतरवायचं, खाली तारीख आणि सही, आणि सकाळी वही आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, टेबलावर नेऊन ठेवायची. माझ्या सहा वर्षांत तेवीस वह्या भरल्या. आणि शंकेला शंका म्हणायचं नाही, 'धूळ' म्हणायचं. "तुझ्यावर धूळ बसलीये" असं कोणी म्हटलं की पुढे बोलणंच संपलं, कारण धूळ झटकायची असते, तिच्याशी चर्चा कोण करतं? खूप नंतर कळलं की यात आमच्या सरांचं स्वतःचं असं काही नव्हतंच. चीनमध्ये 'विचार सुधारणे'तून गेलेल्या लोकांशी बोलून रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्येच अशा ठिकाणांची आठ लक्षणं मांडली होती, त्यात कबुलीजबाब आहे आणि ठरावीक भारलेली भाषासुद्धा आहे. ते वाचलं त्या दिवशी मी ढसाढसा रडले. मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी होतं म्हणून मी अडकले, आणि इथे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी माझी वही लिहून ठेवलेली.

आता केस. मी बाहेर पडले आणि तिसऱ्या आठवड्यात एक रजिस्टर्ड पाकीट आलं, ग्रुपच्या वकिलाची नोटीस. तुम्ही आमच्याबद्दल कुठेही काही बोललात तर बदनामीचा दावा लावू वगैरे, ते एक पान. पण दुसऱ्या पानावर माझंच एक वाक्य होतं, माझ्या वहीतलं, तारखेसकट. आईशी फोनवर खूप भांडण झालं होतं त्या रात्री मी लिहिलेलं, "आई गेली तर मी मोकळी होईन असा विचार माझ्या मनात आला." खाली लिहिलं होतं की आमच्या अशिलांकडे अशी आणखी सामग्री आहे. बस एवढंच, उघड धमकी कुठे नाहीच. मी ते पाकीट गादीखाली सारलं आणि आठ महिने कोणाला दाखवलं नाही. आईला तर मुळीच नाही.

त्यामुळे पहिलं उत्तर हे, की मी घाबरले होते. आणि मी एकटीच अशी नव्हे. अमेरिकेत नेक्सियम नावाची संस्था होती, वरून बघितलं तर पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे कोर्स. तिच्या आत बायकांचा एक गुप्त गट होता, आणि त्यात शिरताना 'कोलॅटरल' द्यावं लागायचं, म्हणजे तारण, स्वतःचे नग्न फोटो किंवा घरच्यांवर भयंकर आरोप करणारी पत्रं. अंगावर डाग दिलेल्या बायकासुद्धा म्हणून गप्प राहिल्या. २०१७ मध्ये काही जणी पुढे आल्या तेव्हा कुठे ते फुटलं, आणि २०२० मध्ये त्याचा म्होरक्या कीथ रानिएरी याला १२० वर्षांची शिक्षा झाली. पण ती शिक्षा कशासाठी झाली बघा, संघटित गुन्हेगारी, लैंगिक शोषणासाठी तस्करी, सक्तीच्या श्रमाचा कट. कल्ट चालवला म्हणून नाही, कारण असा गुन्हाच नाही. बहुतेक देशांच्या कायद्यात नाहीये आणि एका अर्थी नसावाही, कोणी काय मानायचं हे पोलिसांनी ठरवायला लागलं तर उद्या कोणाच्याही दारात येतील. कायदा कृती बघतो. मारहाण, फसवणूक, डांबून ठेवणं, अत्याचार, मुलांचे हाल. माझ्याबाबतीत यातलं ठळक असं काय होतं? मला कोणी कोंडलं नव्हतं, दार उघडंच होतं. मी झोपले नाही, जेवले नाही, पगार आणून दिला, बहिणीशी बोलणं सोडलं, पण सगळं 'स्वतःहून'.

आणि 'स्वतःहून' हे माझ्याकडून लिहूनही घेतलं होतं. मी स्वखुशीने देत आहे, परत मागणार नाही, दर वर्षी नवीन फॉर्म. मला खात्री होती की हा कागद निघाला की कोर्ट मला हाकलून देईल. नंतर मी जपानमधल्या एका खटल्याबद्दल वाचलं. युनिफिकेशन चर्च नावाच्या धार्मिक पंथाला १० कोटी येनहून जास्त रक्कम दिलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून असंच लिहून घेतलं होतं, की मी दावा करणार नाही. सही केली तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या, सहाएक महिन्यांत त्यांना अल्झायमर्सचं निदान झालं, पुढे त्या गेल्या, लेक लढत राहिली. खालच्या कोर्टांत ती हरली, आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते लिहून घेणंच अवैध आहे. मी ती बातमी परत परत वाचली. सही म्हणजे संमती नव्हे, सही कोणत्या अवस्थेत घेतली तेही बघायचं असतं, एवढी साधी गोष्ट वरच्या कोर्टापर्यंत न्यावी लागली.

कायदा हळूहळू सरकतोय, नाही असं नाही. फ्रान्समध्ये २००१ पासून मानसिक पकडीत सापडलेल्या माणसाचा गैरफायदा घेणं हा गुन्हा आहे, आणि मे २०२४ च्या कायद्याने तर माणसाला अशा पकडीत आणणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून सतत धाकात ठेवून ताबा गाजवणं गुन्हा आहे, पण तो फक्त जोडीदार आणि घरच्यांपुरता, सरांना किंवा गुरूंना तो लागत नाही. जपानमध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात, भीती घालून देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा आला. ती हत्या करणाऱ्याच्या आईने त्याच युनिफिकेशन चर्चला एवढे पैसे दिले होते की घर धुऊन निघालं. कायदा व्हायला एक खून व्हावा लागला याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिथले वकील १९८७ पासून एकत्र येऊन हेच ओरडून सांगत होते.

दुसरं उत्तर द्यायला मला जास्त जड जातं. मी एकटी गेले नव्हते तिथे, मी लोकांना घेऊन गेले होते. अकरा जणांना. चौथ्या वर्षी मला को-ऑर्डिनेटर केलं, देणग्यांच्या पावत्यांवर माझी सही असायची. माझी शाळेपासूनची मैत्रीण माझ्या शब्दावर आली आणि तिने लग्नासाठी साठवलेले पैसे दिले, त्या पावतीवरही माझीच सही आहे. मग पोलिसात जाऊन मी काय सांगणार होते? मला फसवलं की मी फसवलं? नुसतं फसलेले आणि नुसते फसवणारे असे दोन वेगळे ढीग कल्टमध्ये फार कमी सापडतात, मधले बरेचसे दोन्ही असतात, आणि हे बाहेरच्यांना सांगायची हिंमत होत नाही. नेक्सियममध्येही ज्यांनी पुढे साक्षी दिल्या त्यातल्या एकीने आधी स्वतःचे गुन्हे कबूल केले होते.

असो. नोटीस शेवटी ताईच्या हाती लागली, गादी उन्हात घालताना. ताईबद्दल सांगायलाच हवं. मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं तरी ती दर रविवारी एक मेसेज टाकायची, सहाही वर्षं, एकही रविवार चुकला नाही. त्यात "परत ये" नाही, "ते लोक चोर आहेत" नाही. मांजरीला तीन पिल्लं झाली. जिन्यातला दिवा बदलला एकदाचा. बाबांचा चष्मा परत हरवला. मी उत्तर देत नव्हते, पण वाचत होते, आणि निघायची वेळ आली तेव्हा जायला जागा आहे हे मला त्या पिल्लांमुळे माहीत होतं. मला आईवडील विचारतात, मुलीला उचलून आणू का? नका हो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लोक पैसे देऊन मुलांना पळवून आणायचे, खोलीत कोंडून डोकं 'साफ' करायचे, त्यात पळवणाऱ्यांनाच शिक्षा झाल्या. जपानमध्ये एका माणसाला घरच्यांनीच बारा वर्षांहून जास्त काळ कोंडून ठेवलं होतं, २०१४ मध्ये हायकोर्टाने त्याला भरपाई द्यायला लावली. आणि कायद्याचं सोडा, जे आत शिकवतात की घरचे तुझे शत्रू आहेत ते तुम्ही खरं करून दाखवता.

तर ताई मला एका वकील मॅडमकडे घेऊन गेली. त्यांनी नोटीस वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?" पाच वर्षांत मला कोणी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न. मग म्हणाल्या, हे पाकीट फेकू नका, शिक्क्यासकट जपा, तुमची खाजगी वही वापरून तुम्हाला गप्प बसवलं जातंय याचा कागद त्यांनी स्वतःच तुम्हाला पाठवलाय. आज केस करायची की नाही ते आज ठरवू नका, फक्त प्रत्येक तक्रारीला मुदत असते ती मी बघून ठेवते. तोवर मेसेज डिलीट करू नका, बँकेची स्टेटमेंटं काढा, तारखा आठवतील तशा लिहा, आणि फेसबुकवर एक अक्षर टाकू नका.

तारखा लिहायला घेतल्या तर मला पहिल्या दिवशी तीनच ओळी जमल्या. चौथी लिहिताना "सरांनी रागावून" असं लिहिलं आणि लगेच मनात आलं, धूळ. बाहेर येऊन वर्ष होत आलं होतं! मी पेन ठेवलं आणि दोन तास भिंतीकडे बघत बसले. ही गोष्ट कोणत्या अर्जात लिहायची? बाहेर पडलेल्या माणसाला पहिल्या वर्षी हे असं होतं, एखादं गाणं, एखादा शब्द कानावर पडला की मधली सगळी वर्षं गळून जातात आणि आपण परत तिथेच उभे. त्यात काहींकडे ओळखपत्र नसतं, खातं नसतं, सीव्हीमध्ये सहा वर्षांचं भगदाड असतं. आणि जी मुलं तिथेच जन्मली त्यांचं तर आणखी अवघड, मला निदान परत जायला एक आधीचं आयुष्य होतं, त्यांना परत जायला काहीच नसतं, त्यांची आईच आत असते. मी आता अशा काही जणांबरोबर असते, बरोबर म्हणजे फॉर्म भरायला, बँकेत, कधी नुसतं फोनवर गप्प. समुपदेशक मिळाला तर फार बरं, पण कल्ट म्हणजे काय हे माहीत असलेला बघा, नाहीतर तिथेही लहानपणापासून सुरुवात करतात आणि माणूस परत स्वतःतच खोट शोधत बसतो.

आणि एक, बाहेर पडलेल्यांवर विश्वास ठेवा. जोन्सटाउन, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयानामध्ये जिम जोन्सच्या कल्टने वसवलेली वस्ती, तिथून निसटलेल्या डेबोरा लेटन यांनी जून १९७८ मध्ये शपथपत्रावर लिहून दिलं होतं की तिथे सामूहिक मरणाच्या तालमी चालतात. १८ नोव्हेंबरला तिथे ९०० हून जास्त माणसं गेली, त्यात शेकडो मुलं होती. ऐकायला पाच महिने होते. भारतात डेरा सच्चा सौदामधल्या एका साध्वीने २००२ मध्ये निनावी पत्र लिहिलं, नाव लिहायची सोय नव्हती म्हणूनच निनावी, आणि गुरमीत राम रहीम बलात्काराच्या प्रकरणात दोषी ठरायला २०१७ उजाडलं. पंधरा वर्षं! मधल्या काळात त्या बायकांनाही कोणीतरी विचारलंच असेल ना, मग आधी का नाही बोललात?

माझी केस अजून झालेली नाही. फाइल तयार आहे, त्यात नोटीस आहे, स्टेटमेंटं आहेत, सत्तावीस पानं तारखा आहेत, आणि सगळ्यात वर मी सही केलेल्या पावत्यांची यादी आहे, ती मी स्वतः घातली, मॅडम म्हणाल्या होत्या विचार करून घाला. ते वहीतलं वाक्य मी आईला गेल्या वर्षी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या रात्री मीही काय काय बोलले होते, तुला आठवत नाही का?" मला खरंच आठवत नव्हतं, वहीत फक्त माझंच होतं.

माझी मैत्रीण गेल्या महिन्यात बाहेर पडली. मी तिला केसबद्दल काही विचारलेलं नाही. रविवारी मेसेज टाकते, मागच्या वेळी खिडकीतल्या कबुतराच्या घरट्याचा फोटो पाठवला. परवा रात्री दोन वाजता तिचं उत्तर आलं, "माझी पावती तुझ्याकडे आहे का गं?" मी लिहिलं, आहे, त्यावर सही माझीच आहे, कधी येऊ घेऊन?