गुरुवारची मॅकरोनी

आमच्या शेजारीणबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, रीतीप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारते. सहा वर्षं झाली तरी दर वेळी जीभ जरा अडखळते, आणि मराठीत लिहायला बसले की अहो-जाहो आपोआप येतंच. तर या बाई ऑगस्टमध्ये हातभर लांबीची झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) घेऊन दारात आल्या (इथे बागवाल्यांच्या घरी त्या दिवसांत झुकिनी इतकी होते की शेजाऱ्यांना ती चुकवता येत नाही) आणि म्हणाल्या, "तू स्वयंपाकातली आहेस. माझ्या आईची एक गोष्ट शोधून देशील?"

त्यांना आठवत होतं ते एवढंच: दर गुरुवारी रात्री, एकाच स्किलेटमध्ये, म्हणजे दांड्याच्या पसरट भांड्यात, खिमा, मॅकरोनी आणि टोमॅटो. नावात कुणातरी पुरुषाचं नाव. आणि चवीत "काहीतरी एक", जे त्यांनी पुढे पन्नास वर्षं स्वतः करून पाहिलं तरी कधी आलं नाही. आई गेल्या, वही नव्हतीच.

नावाचा उलगडा लगेच झाला. आम्ही राहतो कोलंबसला, ओहायो राज्याच्या राजधानीत, आणि इथे टोमॅटो-खिमा-नूडल्सच्या पदार्थाला 'जॉनी मार्झेटी' म्हणतात. टेरेसा मार्झेटी या इटलीहून आलेल्या बाईंनी १८९६ साली इथे खाणावळ काढली. त्यांच्या दिरावरून हे नाव पडलं असं सांगतात. खाणावळ केव्हाच बंद झाली. मार्झेटी हे नाव आता सॅलडच्या ड्रेसिंगच्या बाटलीवर दिसतं. ओहायोच्या शाळांमधून मात्र कित्येक पिढ्यांनी दुपारच्या जेवणाला हा जॉनी खाल्लाय. जरा पूर्वेला न्यू इंग्लंडमध्ये गेलात की जवळजवळ हाच पदार्थ 'अमेरिकन चॉप सुई' होतो, आणि इतरत्र 'गुलाश', ज्याचा हंगेरीच्या गुलाशशी संबंध नावापुरताच. आपल्याकडे चकोल्या, वरणफळं, डाळ-ढोकळी यांवरून जसे वाद होतात तसंच.

पण अस्सल मार्झेटी चीज घालून ओव्हनमध्ये भाजतात. बाईंच्या आईने ओव्हन लावलाच नव्हता. मग आम्ही वाचनालयातून चर्चच्या बायकांनी काढलेली पाककृतींची पुस्तकं आणली. प्लॅस्टिकच्या कंगव्यासारख्या बांधणीची, प्रत्येक पाककृतीखाली देणारीचं नाव. चार पुस्तकांत या पदार्थाच्या अकरा तऱ्हा निघाल्या, आणि अकरांपैकी सातांत कॅम्पबेल कंपनीचं डबाबंद टोमॅटो सूप. ते सूप मुळात पाणी कमी केलेलं, दाट. १८९७ मध्ये जॉन डोरन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती युक्ती काढली. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि गोडसर टोमॅटो घरोघरी पोचला. बाई म्हणाल्या, हो हो, तो लाल-पांढरा डबा आमच्याकडे असायचाच.

पहिला प्रयोग माझ्या स्वयंपाकघरात झाला. इथे माझी अडचण सांगायला हवी: मी गोमांस खात नाही. म्हणजे परतायचं मी, ढवळायचं मी आणि चव घ्यायची त्यांनी. मीठ बरोबर आहे का, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा अनुभव ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. मॅकरोनी वेगळी उकडून घेतली, खिमा-कांदा-भोपळी मिरची परतली, सूप ओतलं, सगळं एकत्र केलं. बाईंनी एक घास खाल्ला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "छान आहे." म्हणजे नाही.

माझ्या डोळ्यांना एक गोष्ट खटकली होती. रस वेगळा, मॅकरोनी वेगळी. दोघांची ओळखच झालेली नव्हती. मी विचारलं, तुमची आई दोन भांडी घासायची का? त्या हसल्या. चार मुलं, नोकरी, आणि दोन भांडी? मग मी त्यांना चकोल्यांचं सांगितलं. कणकेचे तुकडे आधी शिजवत नाहीत, कच्चेच उकळत्या आमटीत सोडतात, त्यांचं पीठ सुटून आमटी दाटते, म्हणून तर ती चव येते. मॅकरोनीसुद्धा कच्चीच घालायला हवी. रसातच शिजली की आटतानाच दाट होईल.

आणि भांडं. माझं पॅन न चिकटणारं, कालचं. त्यांच्या आईचं स्किलेट म्हणजे आपला बिडाचा तवाच, फक्त दोन बोटं उंच काठाचा आणि दांड्याचा. ते त्यांच्या तळघरात रंगाच्या डब्यांखाली सापडलं, गंजून तांबडं झालेलं. तारेच्या घासणीने घासल्यावर पाठीवर अक्षरं उमटली: वॅगनर वेअर, सिडनी, ओ. मी आधी ऑस्ट्रेलिया समजले! हे सिडनी ओहायोतलं, इथून मोटारीने दीडेक तासावर. १८९१ पासून तिथे वॅगनरांचा बिडाच्या भांड्यांचा कारखाना होता. शेवटचा ओ म्हणजे ओहायो. आकडा ८, म्हणजे साधारण साडेदहा इंची. सांगलीला माझी आजी नवा बिडाचा तवा आणला की तेल लावून कांदा घासत बसायची. इथे तेलाचा पातळ हात फिरवून तासभर गरम ओव्हनमध्ये पालथा ठेवतात. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या वेळी साधारण अर्धा शेर खिमा (इथल्या हिशोबाने एक पाउंड, म्हणजे ४५० ग्रॅम), एक कांदा, एक भोपळी मिरची, सुपाचा एक डबा, टोमॅटोचा एक डबा, दीड कप कच्ची मॅकरोनी आणि सुपाच्याच डब्याने दोन डबे पाणी. झाकण घालून मंद आचेवर पंधरा-अठरा मिनिटं, मध्ये दोनदा तळातून ढवळून. बाईंनी घास घेतला आणि या वेळी "छान" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "जवळ आहे. पण तिचं आणखी काळं होतं."

काळं? टोमॅटो?

मग बोलता बोलता निघालं. त्यांचे वडील कारखान्यात दुपारच्या पाळीला जात, रात्री अकराला परतत. आई त्यांचं जेवण स्किलेटमध्येच शेगडीवर झाकून ठेवायची. थोरली मुलगी, म्हणजे या, जागी राहायची आणि वडिलांच्या ताटातले दोन घास खायची. सहाच्या जेवणाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. पन्नास वर्षं त्या शोधत होत्या ती चव अकराची होती.

आपल्या आज्यांनी आपल्याला हजारदा बजावलंय: लोखंडाच्या कढईत आंबट ठेवू नकोस, काळं पडेल. टोमॅटोचं आम्ल लोखंड ओढून घेतं, आणि पदार्थ जितका वेळ भांड्यात राहील तितकं जास्त. ते "काहीतरी एक" म्हणजे लोखंड होतं. पाककृतीच्या कुठल्याच पुस्तकात ते लिहिलेलं नसणार, कारण तो दोषच समजतात.

तिसऱ्या वेळी स्वयंपाक झाल्यावर आम्ही स्किलेट तसंच ठेवलं. शेगडीवर नाही, कमी तापवलेल्या ओव्हनमध्ये, कारण मांसाचा पदार्थ चार-पाच तास बाहेर ठेवायचं धाडस आम्हा दोघींनाही नव्हतं. अकराला त्यांचा निरोप आला: ये. वर साय धरल्यासारखा थर, कडेला काळसर तांबूस, तळाला खरवड. त्यांनी खरवड लाकडी उलथन्याने खरडून काढली आणि उभ्यानेच खाल्ली. मी चेहरा वाचायला गेले, तर त्यांनी पाठ फिरवली.

(माझ्या घरी आता टर्कीच्या खिम्याचं होतं, काळा मसाला घालून. ते वेगळं प्रकरण.)

नोव्हेंबरात त्यांचा धाकटा भाऊ आला. बाईंनी मोठ्या दिमाखात स्किलेट टेबलावर आणलं. त्याने दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि म्हणाला, हे आईचं नाही. आईचं रसरशीत लाल असायचं, आणि त्यात मटार असायचे.

बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तो तेव्हा झोपलेला असायचा."