बेताचा पाऊस

शाळेतल्या जुन्या सहकारी बाई विचारतात, पुण्याचा भाचा विचारतो, परवा नव्या सूनबाईनंही विचारलं. शब्द वेगळे, प्रश्न एकच: "दर रविवारी चर्चमध्ये पुस्तकातून त्याच त्याच प्रार्थना वाचता, मग मनातलं कधी बोलता?" भाचा पुण्यात मोठ्या हॉलमधल्या सभेला जातो. तिथं ज्याला जसं सुचेल तसा तो प्रार्थना करतो, रडतो, टाळ्या वाजवतो. त्याच्या विचारण्यात खोट नाही, म्हणून नीट सांगते.

आमची मंडळी, म्हणजे आमचा ख्रिस्ती उपासक समाज, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातली, चौदा घरांची. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१पासूनचं. अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं, एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशन त्याच्या बऱ्याच नंतर आलं आणि माझे पणजोबा त्यात आले ते १८९९-१९००च्या दुष्काळात. पोटासाठी आले, असं कुणी म्हणालं तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. जिथं भाकरी मिळाली आणि शेजारी बसवून घेतलं, तिथं ते राहिले. पुढं २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. देवळावरची पाटी बदलली. म्हातारी माणसं मात्र अजून 'आम्ही एस.पी.जी.वाले' असंच म्हणतात, आणि जुनं प्रार्थनेचं पुस्तकही आम्ही सोडलेलं नाही.

पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, बरीच गावं आहेत. ते महिन्यातून एकदा येतात, त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. बाकीच्या रविवारी सकाळची प्रार्थना आमच्यातलंच कुणीतरी चालवतं. निवृत्त झाल्यापासून बहुतेक मीच. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, सगळे गुडघे टेकून म्हणतात. त्यानंतर पाळकानं उभं राहून पापक्षमा जाहीर करायची असते. तो अधिकार माझा नाही. म्हणून मी उठत नाही. गुडघ्यांवरच राहून सगळ्यांबरोबर क्षमा मागते. पुस्तक नसतं तर चौदा घरांची ही उपासना पाळकसाहेबांच्या वाटेकडे डोळे लावून बसली असती.

पण पुस्तकाची खरी किंमत मला कळली ती बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा मी नऊ वर्षांची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि उपासनाही तेच चालवत. मंडळीतली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. शाळेत आम्हाला सुकडी मिळायची, ती मी फ्रॉकच्या खिशात धाकट्या भावासाठी राखून आणायची. रविवारी देवळात जोडलेल्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या असत.

पुस्तकात पावसासाठी एक प्रार्थना आहे. १५४९च्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातही ती होती. जिथं आभाळ गळायचं थांबत नाही, तिथल्या लोकांनी लिहिलेली प्रार्थना आमच्या अवर्षणाच्या मुलखात वडील रविवारमागून रविवार वाचत राहिले. तिच्यात देवाकडे मागितलाय तो बेताचा पाऊस. मला ते पटेना. घरी येताना मी म्हणाले, "दादा, बेताचा कशाला? भरपूर मागा ना!" वडील म्हणाले, "पोरी, भरपूर म्हणजे किती, हे आपल्याला कुठं कळतं?"

त्यांच्या पुस्तकात खुणेसाठी लाल दोरा होता. तो ते पावसाच्या प्रार्थनेच्या पानात ठेवत नसत. ती त्यांना पाठच झाली होती. दोरा पुढं होता, पाऊस पडल्यावर आभार मानायची जी प्रार्थना आहे तिच्या पानात. वर्षभर तो तिथंच राहिला. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात एका रविवारी वडिलांनी ते पान उघडलं. पत्र्यावर पावसाचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पावसाची मागणी आम्हा पोरांनाही तोंडपाठ होती, पण ही प्रार्थना कुणालाच येत नव्हती. वडील एकेक ओळ ओरडून सांगत आणि आम्ही मागून म्हणत होतो.

'बेताचा' हा शब्द मला उमगला तो २०१९च्या ऑक्टोबरात. आदल्या वर्षी दुष्काळ, आणि त्या दिवाळीत पाऊस थांबेना. बाजरीच्या उभ्या कणसांना मोड फुटले, कांद्याची रोपं वाफ्यातच सडली. आदल्या वर्षी मी मनानं प्रार्थना केली असती, तर भरपूरच मागितला असता. पुस्तकानं मला तसं करू दिलं नाही. उघडीप मागायची प्रार्थनाही त्याच पुस्तकात आहे. त्या रविवारी मी ती वाचली. मनातलं बोलायला माझी ना नाही. पण माझ्या मनात बहुतेक माझीच कामं असतात: गुडघेदुखी, मुलाची बदली. पुस्तक मला राज्यकर्त्यांसाठी मागायला लावतं, ज्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही अशा संकटात पडलेल्या माणसांसाठी मागायला लावतं.

आणि त्यात 'मी' क्वचित, 'आम्ही' फार. आमच्या मंडळीत दोघे भाऊ आहेत. बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद. एक खिडकीकडे बसतो, दुसरा दाराशी. पापांगीकाराला दोघेही गुडघे टेकतात आणि एका दमात म्हणतात की आम्ही करायचं ते केलं नाही, करू नये ते केलं. अजून ते एकमेकांशी बोलत नाहीत. पण आठवड्यातून एवढं एक वाक्य तरी दोघे मिळून म्हणतात, आणि मी समोर असते म्हणून मला ते ऐकू येतं.

मागच्या कापणीच्या सणाला भाचा आला होता. वेदीपाशी उसाची मोळी, बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. त्यानं विचारलं, "मावशी, मी प्रार्थना करू?" मी म्हटलं, कर ना. त्यानं डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत केली. चांगली केली, शेवटी त्याचा आवाज भरून आला. आम्ही सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. मग मी पुस्तक उघडलं, कारण आजाऱ्यांसाठीची प्रार्थना आणि गावातल्या आजाऱ्यांची नावं घ्यायची राहिली होती.