चांदोबाचं रिंगण चुकलं ती वारी

वारीत लोणंदच्या पालखी तळावर पहाटे काकडा सुरू व्हायच्या आधी बायकांची एकच घाई असते, टँकरला गर्दी व्हायच्या आत बाहेर जाऊन यायचं. मी, माझी धाकटी जाऊ आणि दिंडीतल्या एक म्हाताऱ्या आत्या, अशा तिघी एका बॅटरीच्या उजेडात निघालो. ट्रकांच्या रांगेमागं बाभळी होत्या, तिथंच एक पडकी भिंत. भिंतीच्या आडोशाला कुत्री व्यालेली होती, पण हे आम्हाला नंतर कळलं. आधी ऐकू आली ती गुरगुर.

मी माण तालुक्यात आशा सेविकेचं, म्हणजे गावच्या आरोग्याचं काम करते, त्यामुळं कुत्रं चावलेली माणसं मी पाहिलेली आहेत. पण अंधारात पाच हातांवर ती उभी असताना पाहणं वेगळं. ती भुंकत नव्हती. भुंकणारं कुत्रं बऱ्याचदा लांबूनच आपल्याला हाकलत असतं. हिची शेपटी ताठ होती, अंग आखडलेलं, आणि ओठ मागं ओढून दात दिसत होते. आत्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हलू नका गं पोरींनो. तिच्या डोळ्यांत बघू नका." त्या स्वतः अंग थोडं तिरकं करून, हात पोटाशी घेऊन, जमिनीकडं बघत खांबासारख्या उभ्या राहिल्या. मीही राहिले.

जावेला ते जमलं नाही. ती पळाली. कुत्री आम्हा दोघींच्या मधून सुटली आणि तिची पोटरी धरली. पळणारी वस्तू दिसली की कुत्रं तिच्यामागं लागणारच, आणि चार पायांपुढं माणसाचे दोन पाय पुरत नाहीत. जावेनं जिवाच्या आकांतानं पाय ओढला, तिथंच जास्त फाटलं. धरलेला पाय ओढू नये, कुत्र्याच्या तोंडात दुसरं काहीतरी द्यावं. मी काखेतली टॉवेलची पिशवी कुत्रीच्या तोंडासमोर धरली, तेव्हा तिनं पाय सोडून पिशवी पकडली. आम्ही पाठ न फिरवता एकेक पाऊल मागं सरकलो. आम्ही भिंतीपासून लांब गेल्यावर ती लगेच पिल्लांकडं वळली. तिला एवढंच हवं होतं.

राहुटीत आल्यावर गलका झाला. पोटरीवर चार खुणा होत्या, दोन खोल, रक्त घोट्यापर्यंत आलेलं. ज्या आत्या मघाशी इतक्या बरोबर वागल्या, त्यांनीच डब्यातली मिरचीपूड काढली. दुसरी म्हणाली चुना लावा, तिसरी म्हणाली सात विहिरींत डोकावून या. त्यांचा जीव तुटत होता म्हणूनच त्या हे सांगत होत्या. मी आत्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आत्या, मघाशी आम्ही तुमचं ऐकलं. आता तुम्ही माझं ऐका."

टँकरच्या नळाला तोवर बायका अंघोळीला लागल्या होत्या. त्यांनी न बोलता एक नळ मोकळा करून दिला. मी कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि धार सोडून जखम धुवायला बसले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटांनीच ती "बास झालं, अक्का" म्हणायला लागली. पंधरा मिनिटं फार मोठी असतात. पलीकडं काकडा लागला, मृदंग सुरू झाला, आणि मी एकीकडं फेस करत होते, एकीकडं तिच्या पायावरून पाणी लाल, मग गुलाबी, मग नितळ होताना बघत होते. रेबीजचा विषाणू सुरुवातीला जखमेतच असतो, तिथून नसेच्या वाटेनं मेंदूकडं जातो. साबणानं त्याचं वरचं आवरण फुटतं. म्हणून दवाखान्याच्याही आधी हे. हळद, तेल, मिरची लावली की जखम चिघळते आणि धुवायचं राहून जातं. घट्ट पट्टीही बांधू नये. आम्ही आयोडीनचं औषध लावलं आणि जखम उघडी ठेवली.

तोवर दोन पोरं काठ्या घेऊन बाभळीकडं निघाली होती. विणेकरी बुवांनी त्यांना अडवलं. "कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात. त्यांचं नाव घेत चालतो ना आपण?" मीही सांगितलं की ती कुत्री जिवंत राहणं आपल्याच गरजेचं आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजतात. मारून टाकलं तर तेही कळत नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्या दादांनी तिच्यावर लक्ष ठेवायचं कबूल केलं आणि माझा नंबर लिहून घेतला.

दवाखान्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आठवली की अजून राग येतो. पहिल्या ठिकाणी आम्हाला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन "बाकीचं वारी करून आल्यावर बघा" असं सांगितलं. वारी संपायला अजून आठवड्याहून जास्त दिवस होते! रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे, महिने लागू शकतात, म्हणून माणूस गाफील राहतो. आणि लक्षणं एकदा दिसली की उपाय राहत नाही. मी हटून बसले, तेव्हा लस मिळाली. दोन्ही दंडांवर, कातडीत, अगदी थोडी. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस कधीच गेले. पण चावा रक्त येण्याइतका खोल असला की नुसती लस पुरत नाही, कारण लसीचा गुण यायला दिवस लागतात. तोवर राखण म्हणून सीरम, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचावं लागतं. ते सीरम तिथं नव्हतं. गाडी करून मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो, तिथं मिळालं.

जाऊ सीरमच्या सुईला रडली नाही, परतताना रडली. पालखी लोणंदहून निघून तरडगावच्या वाटेला लागली होती. चांदोबाचा लिंब इथं वाटेवरचं पहिलं उभं रिंगण असतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा लोक माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावून पुढं निघालेले. तिनं रस्त्याकडेला उभं राहून ती माती हातात घेतली. दिंडीतली तुळस गेली तीन वर्षं तिच्याच डोक्यावर असते. "घरी सोडता का मला?" असं तिनं विचारलं. मी तरडगावच्या राहुटीत डायरी काढली आणि लसीचे दिवस मुक्कामांवर मांडले. आजचा दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी नातेपुते. सातव्या दिवशी वाखरी. अठ्ठाविसाव्या दिवशी आपलं गाव. मग घरी कशाला जायचं? चालण्यापुरतं दोन दिवस ती ट्रकमध्ये बसली, तुळस दुसरीनं घेतली.

त्या रात्री हरिपाठ झाल्यावर मी बायकांना उभं करून शिकवलं. आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात उडवायचे नाहीत. पिशवी, छत्री, वळकटी, जे हातात असेल ते मध्ये धरायचं. ठाम, जाड आवाजात एकदा "हाड!" म्हणायचं. कुत्र्यानं पाडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन, बोटं मानेमागं गुंतवून, कोपरांनी कान आणि तोंड झाकून निपचित पडायचं. हे मात्र पहिल्यांदा जमिनीवर कुणी पडेना, तेव्हा आत्याच घोंगडीवर आडव्या झाल्या आणि करून दाखवलं.

बरडच्या मुक्कामी पहाटे एक काळा कुत्रा वाटेत आडवा आला. जाऊ माझ्या पुढं होती. मला तिच्या पाठीवरून कळलं की तिचा श्वास थांबलाय. तिनं घोंगडीची वळकटी हळूच पुढं घेतली, तिरकी झाली आणि नजर खाली ठेवली. कुत्र्यानं वळकटी हुंगली, थोडा वेळ उभा राहिला, मग रस्ता ओलांडून शेतात गेला. ती तशीच उभी होती. मी "चल" म्हटल्यावर तिनं श्वास सोडला.

नातेपुत्याला दुसरा डोस झाला. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचं गोल रिंगण तिनं पुढच्या रांगेत बसून पाहिलं. वाखरीला तिसरा.

द्वादशीला पंढरपुरात उपास सोडायला बसलो होतो, तेव्हा लोणंदहून फोन आला. जावेनं तो माझ्या हातातून घेतला. पलीकडून दादा सांगत होते, कुत्री खातेय, पितेय, कुणावर गेली नाही. तरीही चौथा डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तिनं गावी येऊन घेतलाच. पण त्या वेळी तिनं फोनवर फक्त एकच विचारलं, "पिल्लं किती हायत?"

"चार," ते म्हणाले. "डोळं उघडायला लागल्यात."