हात पोचत नाही ती जागा

मागच्या खेपेला आम्ही सहा जण होतो, या खेपेला पाच. सहाव्या व्यक्तीबद्दल कुणी काही बोललं नाही. मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपमध्ये ‘लेफ्ट’ अशी एक करडी ओळ उमटली होती आणि तिच्याखाली लगेच कुणीतरी फुलांचा गुच्छ पाठवला होता, तेवढंच. पुढे दीडेक वर्षाने खजिनदाराने क्राबीचा बेत मांडला तेव्हा ‘आपण पाच’ असं लिहिलं आणि तो आकडा सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केला.

खजिनदार म्हणजे नवऱ्याचा कॉलेजातला मित्र. सहलीचा हिशेब तोच ठेवतो, म्हणून हे नाव. आणि म्हणून त्याची बायको खजिनदारीणबाई. पाच हा आकडा सहलीला भलता अडचणीचा आहे हे मला या वेळी कळलं. टॅक्सीत चार जण मावतात. टेबलं दोघांची असतात, नाहीतर चौघांची. खोल्या मात्र तीनच लागतात, माणसं पाच असोत की सहा. मग खर्च जोडीमागे काढायचा की माणशी? जोडीमागे काढला तर एकटा माणूस दोघांच्या खोलीचं भाडं भरणार, आणि माणशी काढला तर त्याच्या खोलीचा थोडा भार बाकीच्या चौघांवर येणार. खजिनदार दोन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन घुटमळला. शेवटी ज्याचा प्रश्न होता तोच म्हणाला, “अरे, भाडं पूर्ण घे. मी काय अर्ध्या खोलीत झोपणार आहे?” सगळे हसले. त्याला मी इथे नुसतं ‘मित्र’ म्हणते. नवऱ्याचा मित्र खरं तर, पण पंचवीस वर्षांत ती वाटणी पुसली गेली आहे.

क्राबी थायलंडच्या पश्चिम अंगाला, अंदमान समुद्राच्या काठी. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा, शांत पाण्याचा काळ. आम्ही फेब्रुवारीतली पौर्णिमा साधली होती, ती का ते पुढे सांगते. आओ नांगला मुक्काम. समोरच्या पाण्यातून चुनखडीचे कडे सरळसोट वर आलेले, आणि त्यांच्या टकलावर झाडी. शेजारचं रेले जमिनीलाच जोडलेलं आहे, पण मध्ये हे कडे असे आडवे आलेत की रस्ता नाही, होडीनेच जायचं. होड्या लांब शेपटीच्या. मागे गाडीचं इंजिन उघडंच बसवलेलं, त्याला लांबलचक दांडी आणि दांडीच्या टोकाला पंखा. नाळेला रंगीत फिती बांधलेल्या. इंजिनाचा आवाज इतका की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसांना अतिशय सोयीचं वाहन.

हॉटेलवाल्यांनी प्रत्येक पलंगावर पांढऱ्या टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून, मधल्या जागेत बदाम दिसेल असे. मित्राच्या खोलीतही होते. त्याने जेवताना ते फार रंगवून सांगितलं. “मी एकाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं,” म्हणाला, “दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बाईंनी पुन्हा समेट घडवून आणलेला!”

पण मला सांगायचं आहे ते क्रीमबद्दल.

पहिल्याच सकाळी त्यावरून अर्धा तास गेला. ऑगस्ट 2021 पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये पोवळ्यांना अपाय करणारी चार रसायनं असलेलं सनस्क्रीन लावायला बंदी आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली दोन. आसपासची बेटं उद्यानातच येतात. खजिनदारीणबाई कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसल्या. मुळात त्यांना माया बेला जायचं होतं. पर्यटकांनी तुडवून पोवळी मेली म्हणून 2018 मध्ये तो किनारा बंद केला होता. 2022 च्या जानेवारीत पुन्हा उघडला, पण आता तिथे पोहू देत नाहीत. नुसतं बघून यायला पुरुष मंडळी तयार नव्हती, म्हणून पोडा बेट ठरलं. त्या रागाचा सगळा भर बाटल्यांवर निघाला. दोन बाटल्या बाद झाल्या. उरली झिंक ऑक्साइडची एक ट्यूब. दाट, पांढरीफेक, कितीही चोळली तरी अंगात न जिरणारी. दहा मिनिटांत पाचही जण चुन्याच्या डबीत तोंड घातल्यासारखे दिसायला लागलो.

मोठ्या माणसाला अंगभर लावायचं तर साधारण 30 मिली लागतं, म्हणजे चहाचे सहा चमचे. शिवाय दर दोन तासांनी पुन्हा. एवढं कुणीच लावत नाही. आपण करंगळीएवढी रेघ काढतो, ती दोन्ही हातांना पुरवतो आणि उरलेलं नाकाला.

मग पाठीची पाळी आली. खजिनदारीणबाईंनी केस वर धरले आणि नुसती पाठ फिरवली. खजिनदाराने नुसता हात पुढे केला. इकडे मी वळले. नवरा एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने भिंतीला गिलावा केल्यासारखं लावत होता.

“खांद्याला?”

“लावलं.”

“खाली?”

“लावलं गं.”

लावलं नव्हतं, ते संध्याकाळी कळलंच. नंतर मी त्याच्या पाठीला लावलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली त्याला एक तीळ आहे. तो त्याने स्वतः कधी पाहिलेला नाही, मी सांगितलं म्हणून त्याला ठाऊक. त्या तिळाशी माझा हात सवयीने थोडा थांबतो आणि वळसा घालून पुढे जातो. हे माझ्या त्या सकाळीच लक्षात आलं, कारण समोर मित्र उभा होता. एक हात खांद्यावरून मागे टाकलेला, दुसरा कमरेकडून वर चढवलेला, मान वाकडी. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना शोधत होती आणि मध्ये वीतभर पाठ तशीच राहत होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि वाकून पिशवीत टॉवेल भरायला लागले.

आता यात काय होतं? “इकडे वळा, मी लावते,” एवढं म्हणायचं. पण तो मला वहिनी म्हणतो. शिवाय दीड वर्षापूर्वी कुणीतरी न विचारता लावून देत होतं, आणि मागच्या सहलीत ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मी लावलं असतं तर ती आठवण माझ्या हातून ट्यूबमधून बाहेर आली असती. बरं, नवऱ्याने लावावं, तर पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, क्रीम लावत नाहीत. नवऱ्याचं आणि खजिनदाराचं तर लक्षही नव्हतं. आणि मित्र? त्याने कुणाला सांगायला हवं होतं. पण पाठीला लावून दे हे आपण ज्याला सांगतो त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला सांगावं लागेल त्याला सांगवत नाही.

मराठीने पाठीवर केवढं ओझं टाकून ठेवलं आहे. पाठराखण, पाठबळ, पाठपुरावा, पाठलाग. पाठ थोपटायची, पाठ दाखवायची नाही. पाठचा भाऊ असतो, पाठची बहीण असते. सगळ्या जगाशी असलेला आपला व्यवहार जणू पाठीवरून चालतो. आणि तरी पाठीवर मारा, पोटावर मारू नका, म्हणत पहिला बळी तिचाच. एवढ्या शब्दांत त्या मधल्या वीतभर जागेला मात्र शब्द नाही. ग्रीकवरून घेतलेला एक आहे, ‘अक्नेस्टिस’. जनावराला स्वतःची पाठ जिथे खाजवता येत नाही ती जागा. जनावरं झाडाला पाठ घासतात. चारचौघांत, किनाऱ्यावर, पोहायच्या कपड्यांत उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाने काय करायचं?

पोडाला पाणी इतकं स्वच्छ होतं की होडीची सावली तळावर दिसत होती. नळी तोंडात धरून, पालथं पडून मासे बघायचे. पांढऱ्या वाळूत पॅरटफिशचा मोठा वाटा असतो, तो पोवळं कुरतडतो आणि मागून वाळू टाकतो, हे मी सांगितल्यावर खजिनदाराने वाळूत बसणं सोडलं. मित्र मात्र पाण्यातच. चार तास तो जवळजवळ बाहेर आलाच नाही. पालथं तरंगण्यातली गोम अशी, की पोट-छाती सुरक्षित आणि पाठ उन्हाला वाढून ठेवलेली. पाणी गार लागतं म्हणून भाजतंय हे कळत नाही, आणि अर्धा मीटर खोलसुद्धा अतिनील किरणांतले 40 टक्के पोचतातच. आपल्या रंगाला ऊन लागत नाही, हा आणखी एक भ्रम.

भाजल्याचं लगेच दिसत नाही, चार-सहा तासांनी दिसायला लागतं. रात्री गच्चीत त्याने नवऱ्याला दाखवायला सदरा वर केला आणि मी सरबताचे ग्लास घेऊन नेमकी तेव्हाच पोचले. दोन्ही खांद्यांवरून खाली आणि कमरेवरून वर, जिथवर त्याचे हात पोचले होते तिथवर कातडी नेहमीच्या रंगाची. मध्ये पिंपळाच्या पानाएवढा लालभडक डाग. पानाच्या कडांना बोटांचे ठसे होते, चार वरून आलेले, तीन खालून. कुठवर प्रयत्न केला आणि कुठे सोडून दिलं ते सगळं लिहून ठेवल्यासारखं.

“अरे, सांगायचं ना सकाळी!” नवरा म्हणाला.

“पोचेल वाटलं,” मित्र म्हणाला.

खजिनदारीणबाईंकडे कोरफडीचं जेल निघालं. आता हेही पाठीलाच लावायचं होतं. एक क्षणभर पाचही जण त्या हिरव्या बाटलीकडे बघत राहिलो. मग नवऱ्याने ती उचलली आणि “चल रे” म्हणून त्याला खोलीत घेऊन गेला. दोन मिनिटांचं काम. हा दीड तासाने आला.

“काय बोलत होतात एवढं?”

“काही नाही. लावलं.”

“आणि?”

“मॅच लागली होती.”

आणखी विचारलं असतं तर त्याने स्कोअर सांगितला असता, म्हणून मी दिवा मालवला. हाताला कोरफडीचा वास येत होता त्याच्या, कोपरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मित्र पूर्ण बाह्यांचा, मानेपर्यंत बंद, निळा पोहायचा टीशर्ट घालून खाली आला. सकाळीच जाऊन विकत आणला होता. “वहिनी, हे बेस्ट,” म्हणाला, “क्रीमची भानगडच नाही.” मी छान आहे म्हटलं. रंग त्याला खरोखरच शोभत होता.

पौर्णिमा गाठली होती ती त्या दिवसासाठी. टुप, मॉ आणि कोंबडीच्या मानेसारखा सुळका असलेलं ‘काय’ नावाचं, अशी तीन बेटं जवळजवळ आहेत. पौर्णिमा-अमावास्येला भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि मग या बेटांच्या मधून वाळूचा दांडा वर येतो. तिथे त्याला थले वॅक म्हणतात, दुभंगलेला समुद्र. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवशीचा अंदाज दुसऱ्या दिवशी चालत नाही. आमच्या होडीवाल्याने नेमक्या वेळी नेलं. दुपार कलली होती. आधी पाण्यात एक फिकट रेघ, मग घोट्याएवढं पाणी, आणि बघता बघता ओला दांडा उघडा पडला. माणसं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पायी निघाली.

आमच्यात मराठीचं एक व्याकरण न ठरवता चालतं. “आपण जाऊ या” म्हणजे पाचही जण. “आम्ही जरा जाऊन येतो” म्हणजे जोडी. तिथे पोचल्यावर खजिनदार “आम्ही टोकापर्यंत जाऊन येतो” म्हणाला आणि दोघं निघाले. मीही तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याने विचारलं, “तू येतेस की फोटो काढतेस?” तोवर सहलीतले सगळे फोटो मित्राने काढले होते. जरा जवळ या, अजून जवळ, चेहरे पाडू नका, असं तोच म्हणायचा. त्यामुळे तो एकाही फोटोत नव्हता. मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे.”

दोघं चालायला लागले. दोन्ही बाजूंनी बारीक लाटा यायच्या आणि दांड्यावर एकमेकींना भिडून, जरा उंच होऊन, विरायच्या. भरती लागली असावी, कारण मघाशी कोरडी असलेली जागा आता चमकत होती. मागून होडीवाला शीळ घालत हात हलवायला लागला. पुढे मित्र काहीतरी म्हणाला, विनोदच असणार, कारण नवरा मोठ्याने हसला. मी तेवढ्यात बटण दाबलं.

फोटोत पाण्याची चमक जास्त आली आहे आणि क्षितिज तिरकं आहे. दोघं पाठमोरे. एक निळा टीशर्ट, एक उघडी पाठ, तिच्यावर मी कसंबसं चोळलेलं पांढरं क्रीम. नवऱ्याचा उजवा हात थाप मारायला वर गेलेला, आणि निळ्या कापडापासून चार बोटं अलीकडे थांबलेला.