कडीचा ओरखडा

मी काही बंदुका जमवणारी बाई नाही. गिअरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी खात्यात गेली, त्यामुळे धातूचा कुठलाही तुकडा समोर आला की माझा हात आपोआप भिंगाकडे जातो, एवढंच. इथे आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शेजारच्या आजींनी बोलावलं.

त्यांचे यजमान वारल्यावर कपाटातली जुनी कारबाईन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, जावयाने एका दुकानदाराला दाखवली होती. तो म्हणाला, "सगळं मूळचं आहे, आजच घेऊन टाकतो." आजींना नेमकी त्या 'आजच'ची शंका आली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ब्लँकेटची गुंडाळी उलगडली. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीचं 1894 मॉडेल, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं. आधी लिव्हर खाली ओढून चेंबर, म्हणजे गोळी झाडताना काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे ना ते पाहिलं. मग नळीखालच्या मॅगझिनमध्येही काही अडकलेलं नाही ना, ते दोनदा बघितलं. त्यानंतरच खुर्चीत बसले.

पहिलं मनात आलं ते हे, की ही फारच देखणी आहे. शंभरावर वर्षं वय, घोड्याच्या पाठीवरच्या चामडी म्यानात घासत फिरलेली, आणि अंगभर काळा-निळा तुकतुकीत रंग? रंग चांगला असणं हा काही गुन्हा नाही. पण मग कडा बघायच्या. कारखान्यातून आलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसते त्या मधल्या धातूच्या पेटीच्या, सपाट बाजू एकमेकींना जिथे भेटतात तिथे कोपरा बोटाला टोचल्यासारखा लागतो. इथे बोट साबणाच्या वडीवरून फिरावं तसं फिरलं. बफिंगच्या चाकाचं काम! स्क्रूच्या भोकांभोवती उथळ वाट्या झालेल्या. ठोकलेल्या अक्षरांची एक बाजू शाबूत आणि दुसरी पुसट, म्हणजे चाक कोणत्या दिशेने फिरलं तेही कळत होतं. आणि एका स्क्रूची खाच कुणीतरी चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने फाडलेली होती, पण त्या फाटलेल्या जागेतही रंग व्यवस्थित बसलेला. आधी खाच फाटली, मग रंग चढला. माझ्या नोकरीत आम्ही दिवसभर दुसरं काय करायचो? आधी काय झालं आणि मग काय झालं, तेच शोधायचो.

लाकडाचंही तसंच. मूळ दस्ता धातूपेक्षा केसभर वर असतो, कारण कारखान्यात तो तसाच बसवायचे. इथे वॉलनटचं लाकूड धातूच्या खाली गेलं होतं. पॉलिशपेपर फिरवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलं नसावं.

आता डाव्या बाजूची कडी. खोगिराला अडकवायची ही कडी त्या काळच्या कारबाईनवर नेहमीचीच. मी ती हलकेच खाली सोडली, झुलवली. ती जिथे जिथे टेकत होती तिथे रिसीव्हरवर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. एक ओरखडा नव्हे, शेकडो बारीक रेघा एकावर एक, मध्ये खोल आणि टोकांना विरळ. घोडा चालला की कडी आपटते, दुडका धावला की आणखी आपटते. अशी वर्षं गेली की ही कोर उमटते. भिंगाखाली कोरीच्या तळाशी नवा रंग भरलेला दिसत होता. म्हणजे रंग नंतरचा, पण कोर खरी. नकली कडी बसवणारा भोक पाडेल, आटेही पाडेल, पण हे कुठून आणेल?

मी जरा जास्तच वेळ त्याच जागी रेंगाळले. आजींनी कॉफी दोनदा गरम केली.

नळी मोजली. तोंडातून लाकडी काठी आत घालून, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट लावून. 20 इंच, कारबाईनची नेहमीची लांबी. काही लोक नळी कापून 'ट्रॅपर' म्हणून खपवतात, कारण आखूड मूळ कारबाईन दुर्मिळ. ती 16 इंचांखाली गेली तर आखूड बंदुकांवरच्या 1934 च्या अमेरिकन कायद्याचं झेंगट वेगळंच. इथे तसं काही नव्हतं. नळीवर .30 डब्ल्यू.सी.एफ. (विंचेस्टर सेंटर फायर) असं काडतुसाचं माप.

मग नळीच्या बुडाशी भिंग नेलं आणि थांबले. लंबगोलात एकटा 'पी'. कारखान्यात जोडलेल्या बंदुकीवर 1905 पासून 'डब्ल्यू' आणि 'पी' एकमेकांत गुंफलेला ठसा असतो, नळीवरही आणि शेजारी रिसीव्हरवरही. एकट्या 'पी'चा ठसा टपालाने विकलेल्या सुट्या नळीचा. रिसीव्हरवर मात्र कुठलाच ठसा नाही, म्हणजे तो 1905 च्या आधीचा. दोघांचा जन्म वेगळा.

आजींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कागदावर मिळेल का हे?" मिळतं. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या फायरआर्म्स म्युझियममध्ये विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत. 1894 मॉडेलच्या 353,999 क्रमांकापर्यंतच्या नोंदी त्यात सापडतात आणि फी भरली की पत्र येतं. रिसीव्हरखालचा क्रमांक त्याच्या आतला होता, तो मी वहीत उतरवून घेतला.

काही आठवड्यांनी पत्र आलं. कारबाईन, गोल नळी, काडतुसाचं माप .38-55.

.30 चं काडतूस .38-55 च्याच घरातलं, बुडाची रिम सारखीच, त्यामुळे तोच बोल्ट चालून गेला असणार. पण मुद्दा तो नव्हता. आजी पत्र हातात धरून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, यजमानांचे आजोबा सांगायचे, एकदा हिवाळ्यात नळीच्या तोंडात बर्फ गच्च बसलेला कळलाच नाही आणि गोळी झाडली, तर नळी बेडूक गिळलेल्या सापासारखी फुगली. घरात सगळे हसायचे, म्हातारा फेकतोय म्हणून.

दुकानदाराला काय सांगायचं ते जावई बघेल. किमतीचं मी काही बोलले नाही, ते माझं काम नाही. पुन्हा घासू नका, तेलाचा हात फिरवा आणि बास, एवढं सांगितलं. ब्लँकेट मात्र काढून टाकायला लावलं, त्यात ओल धरते.